उन्हाचे खरखरीत चट्टे आणि ते 'चेहरा जाळणारं' मलम: आत नेमकं काय चाललेलं असतं

मी ब्रिस्बेनमध्ये एका फार्मसीत काम करते, मूळची सांगलीची. इथं जून-जुलै म्हणजे हिवाळा, आणि हिवाळा आला की आमच्या काऊंटरवर एक ठरलेला सीन असतो. साठी-सत्तरीचे कुणीतरी आजोबा टोपी डोळ्यांपर्यंत ओढून आत येतात, टोपी काढतात, आणि कपाळ, नाक, टक्कल सगळं लालबुंद, मधेमधे खपल्या, एखाद्या ठिकाणी लस येतेय. पहिलं वाक्य साधारण हेच, "पोरी, मला या क्रीमची ॲलर्जी झालीय, दुसरं काहीतरी दे." मागच्या वर्षी एका आजोबांनी तर बाराव्या दिवशी ट्यूब सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली होती आणि मग बायकोनं ओरडल्यावर उचलून आणली होती. मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का असं होणार म्हणून? म्हणाले, सांगितलं असेल, मी कानाचं मशीन घालून गेलो नव्हतो.

तर हा लेख त्या मलमावर. नाव फ्लुरोयुरॅसिल, सगळे फाईव्ह एफयू म्हणतात, इथं एफ्युडिक्स नावानं पाच टक्क्यांची क्रीम मिळते आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. आणि ती ॲलर्जी नसते. म्हणजे बहुतेक वेळा नसते, कधी असते तेही पुढं सांगते.

आधी हे चट्टे काय आहेत ते बघू. इंग्रजी नाव ॲक्टिनिक केराटोसिस, इथले लोक नुसतं सनस्पॉट म्हणतात. डोळ्यांना फारसं काही दिसत नाही, थोडी लालसर जागा, वर पांढरट-पिवळट कोंड्यासारखं. पण बोट फिरवलं की लगेच कळतं, पॉलिश पेपरवर हात फिरवल्यासारखं रवाळ लागतं. पोपडा काढला तर दोन आठवड्यांनी तिथंच परत. येतात कुठं तर जिथं वर्षानुवर्षं ऊन पडलंय तिथं, कपाळ, नाकाचा शेंडा, कानाची वरची कड, टक्कल, हाताची मागची बाजू, खालचा ओठ. इथं बाई असो की बाप्या, जन्मभर उघड्या गाडीतून, शेतात, बीचवर काढलेली माणसं, त्यात कातडी गोरी, त्यामुळे क्वीन्सलंड या आमच्या राज्यात त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात वरच्या नंबरात आहे. ऑस्ट्रेलियात दर तीन माणसांतल्या दोघांना आयुष्यात कधी ना कधी कुठल्यातरी प्रकारचा त्वचेचा कॅन्सर निघतो असं इथं शाळेपासून सांगतात. १९८१ मध्ये इथं टीव्हीवर एक नाचणारा सीगल पक्षी आला, स्लिप स्लॉप स्लॅप म्हणत, म्हणजे शर्ट चढवा, सनस्क्रीन फासा, टोपी घाला. पण आमच्याकडे येणाऱ्या आजोबांचं बालपण त्या सीगलच्या आधीचं.

आता आत काय होतं. उन्हातले यूव्हीबी किरण कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएत घुसतात आणि अक्षरं बिघडवतात. रोज बिघडवतात, आणि रोज दुरुस्तीही चालू असते. दुरुस्त न होण्याइतकी पेशी बिघडली तर तिला मरायला लावणारा एक राखणदार जीन असतो, पी-त्रेपन्न. उन्हात भाजल्यावर काही दिवसांनी कातडं सोलतं ना, त्यात हाच राखणदार काम करत असतो, बिघडलेला माल बाहेर. पण वीस-तीस वर्षांत कधीतरी ऊन नेमकं त्या राखणदाराच्याच जीनवर आघात करतं. मग ती पेशी मरत नाही, उलट शेजारच्या चांगल्या पेशी उन्हानं मरत असताना हिला जागा मिळत जाते आणि ही वाढत राहते. तोच आपला खरखरीत चट्टा.

म्हणजे हा कॅन्सर का? नाही. यातले काही आपोआप जातातही. एका चट्ट्याचा वर्षभरात स्क्वेमस सेल नावाचा कॅन्सर होण्याची शक्यता बहुतेक अंदाजांत एक टक्क्याच्याही खाली धरतात. पण माणसाला एकच चट्टा नसतो, दहा-वीस-तीस असतात, वर्षंही दहा-वीस असतात, आणि कुठला चट्टा उद्या वळणार हे बघून सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांचाच बंदोबस्त करायचा.

एकदोनच असतील तर डॉक्टर द्रवरूप नायट्रोजन मारतात, उणे १९६ डिग्री, पाच-दहा सेकंद फुस्स करून, फोड येतो, पडून जातो, विषय संपला. पण कपाळभर असतील तर फुस्स किती ठिकाणी करणार. आणि खरी गोम अशी की दिसणाऱ्या दहा चट्ट्यांच्या मधल्या 'चांगल्या' कातडीतही बिघडलेल्या पेशी असतातच, अजून वर आलेल्या नसतात एवढंच. शेतात दिसेल तेवढं तण उपटलं तरी मुळं जमिनीत राहतात तसं. म्हणून अख्ख्या पट्ट्यावर इलाज करायचा, आणि तिथं मलम लागतं.

या औषधाची जन्मकथा मला फार आवडते, जरा सांगतेच. डीएनएची चार अक्षरं आपल्याला शाळेत शिकवली होती, ए टी जी सी. त्यातलं टी बनवायला पेशी युरॅसिल नावाचा कच्चा माल वापरते. १९५४ मध्ये असं दिसलं की उंदरांच्या लिव्हरमधल्या गाठी हा युरॅसिल चांगल्या लिव्हरपेक्षा जास्त ओढून घेतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी विचार केला की गाठीला हेच खायला आवडतंय तर यातच विष घालू. युरॅसिलच्या पाचव्या जागेवर हायड्रोजन असतो, तो काढून तिथं फ्लोरिन बसवला, म्हणून नाव फाईव्ह-फ्लुरो-युरॅसिल. १९५७ मध्ये हे जगासमोर आलं. टी बनवणारं एन्झाईम याला खरा माल समजून पकडतं आणि तिथंच अडकून बसतं, कुलपात किल्ली तुटून राहावी तसं, ना उघडत ना बंद होत. मग पेशीला टी मिळत नाही, टी नाही तर डीएनएची कॉपी नाही, कॉपी नाही तर दोन व्हायच्या वेळी पेशी मरते. ज्या पेशी भराभर दोनाच्या चार होतायत त्याच आधी मरणार.

हे औषध आधी शिरेतून द्यायचे, आतड्याच्या, स्तनाच्या कॅन्सरला, आजही देतात, आपल्याकडेही. चेहऱ्याला लावायची आयडिया प्रयोगशाळेतून आली नाही. १९६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी नोंद केली की कॅन्सरसाठी ज्यांना हे शिरेतून चालू आहे त्यांच्या अंगावरचे उन्हाचे जुने चट्टे अचानक लाल होऊन भडकतायत, आणि मग गायब होतायत, आणि शेजारची चांगली कातडी जशीच्या तशी. म्हणजे औषध स्वतःच चट्टे शोधून काढत होतं. मग कुणीतरी म्हणालं, अख्ख्या शरीरात कशाला घालायचं, वरूनच लावू की. १९७० मध्ये अमेरिकेत क्रीमला मंजुरी मिळाली. साठ वर्षांपूर्वीचं निरीक्षण आणि आज माझ्या काऊंटरवरचे आजोबा, दोन्हीकडे गोष्ट एकच, भडकतो तो चट्टा.

हा मुद्दा नीट कळला की बाकी सगळं सोपं आहे. चांगल्या कातडीचा वरचा थर घट्ट असतो, त्यातून औषध फारसं आत जात नाही, आणि आतल्या पेशीही निवांत असतात. बिघडलेल्या जागी थर विस्कटलेला, औषध जास्त शिरतं, आणि पेशीही घाईत. त्यामुळे सारखीच क्रीम लावली तरी कुठं काहीच होत नाही आणि कुठं आग. आजोबा मला म्हणाले होते, "इथं तर मला काही नव्हतंच, तरी लाल झालं, म्हणजे क्रीमनं नवीन डाग पाडले." नाही हो, ते होतेच, तुम्हाला दिसत नव्हते.

प्रत्यक्षात लावायचं कसं, तर डॉक्टर जेवढा पट्टा दाखवतील तेवढ्यावरच, बहुतेक वेळा दिवसातून एकदा किंवा दोनदा, चेहऱ्यावर दोन ते चार आठवडे. चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, अगदी पातळ थर. जाड फासलं की जास्त गुण येतो असा आपला सार्वत्रिक समज आहे, आयोडेक्स चोळल्यासारखं चोळतात, नका करू. हातमोजा किंवा कापसाची काडी वापरायची, बोटानं लावलं तर लगेच हात साबणानं धुवायचे, नाहीतर तेच बोट डोळ्यात जातं. डोळ्यांच्या कडा, नाकाच्या आत, ओठ, इथं डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय नाही. नाकाच्या बाजूच्या घळीत क्रीम साठते आणि तिथं उगाच जखम होते, तिथं कमीच. एका वेळी फार मोठा भाग घेत नाहीत, पाचशे चौरस सेंटीमीटरच्या आत, म्हणजे साधारण बावीस बाय बावीसचा चौकोन, म्हणून टक्कल एकदा, कपाळ नंतर, असे टप्पे पाडतात. वर घट्ट पट्टी बांधायची नाही, आत जास्त शिरतं. आणि ऊन टाळायचं, म्हणून तर इथं सगळे हिवाळ्यात करतात.

आता कॅलेंडर सांगते, कारण लोक फसतात ते इथंच. पहिले तीन-चार दिवस काहीच नाही, लोकांना वाटतं पैसे गेले. मग हलकी लाली, थोडी चुरचुर. दुसऱ्या आठवड्यात खरं चालू होतं, लाल, आग, सूज, पोपडे, रात्री उशी लागली तरी झोंबतं. तिसऱ्या आठवड्याकडे खपल्या, काही ठिकाणी सालपट निघून कच्ची जागा. चेहरा असा की दुकानात लोक बाजूला सरकतात, एका आजींनी तर त्या आठवड्यात नातीचं बारसं असूनही जायचं टाळलं, मी म्हटलं तारखा बघून तरी सुरू करायचं ना. ही कच्ची जागा दिसायला लागली की सहसा डॉक्टर थांबा म्हणतात. थांबल्यावर लगेच बरं वाटेल असं नाही, काही दिवस तसंच राहतं, मग दोन ते सहा आठवड्यांत खपल्या पडून खालून गुलाबी गुळगुळीत कातडी येते. गुलाबीपणा पुढं महिना-दोन महिने रेंगाळतो, कधी जास्तच.

बहुतेक जण सोडतात ते दहाव्या ते चौदाव्या दिवशी, म्हणजे नेमकं काम ऐन भरात असताना. अर्ध्यात सोडलं की वरवरच्या पेशी गेल्या, खालच्या राहिल्या, वर्षभरात चट्टे परत, आणि मग 'त्या क्रीमचा काही उपयोग नाही' हे शेजारपाजाऱ्यांना सांगायला मोकळे. सहन होत नसेल तर स्वतः बंद करू नका, फोन करा, डॉक्टर दोन-तीन दिवस सुट्टी देतात किंवा दोनदाचं एकदा करतात. थंड पाण्याच्या घड्या, साधं पांढरं व्हॅसलिन, लागलं तर पॅरासिटामॉल. हळद, खोबरेल, कोरफड, घरातलं तूप, यातलं काहीही त्या कच्च्या जागेवर नको, हे मी खास मराठी वाचकांसाठी लिहितेय कारण माझी आईच मला व्हिडीओ कॉलवर कैलासजीवन सुचवत होती.

आता ॲलर्जी किंवा गडबड कधी समजायची. जिथं क्रीम लावलीच नाही तिथंही पुरळ आणि खाज पसरतेय, डोळे सुजलेत, पू येतोय, ताप आहे, लाली मर्यादेबाहेर सरकतेय, तर आज दाखवायचं. आणखी एक दुर्मिळ पण गंभीर गोष्ट, काही लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाईमच नसतं किंवा फार कमी असतं, त्यांना थोडं औषध रक्तात गेलं तरी विषबाधा होऊ शकते. क्रीम लावताना जोराचे जुलाब, उलट्या, पोटात कळा, तोंडात फोड, थंडी-ताप असं झालं तर क्रीम बंद आणि सरळ हॉस्पिटल. गरोदर बाईनं हे वापरायचं नाही. आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर ट्यूब कुलपात ठेवा, अगदी खरं सांगतेय. कुत्र्यानं ट्यूब चावली किंवा मालकाचा क्रीम लावलेला हात-चेहरा चाटला तर ते मरू शकतं, २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं यावर वेगळा इशारा काढला होता. इथं प्रत्येक दुसऱ्या घरात कुत्रं, त्यामुळे मी ट्यूब देताना आधी हेच विचारते, लोकांना वाटतं बाई गप्पा मारतेय.

दुसरी औषधं आहेतच. इमिक्विमॉड आहे, ते पेशींना थेट मारत नाही, आपल्या प्रतिकारशक्तीला तिथं बोलावून आणतं. २०२० च्या शेवटी अमेरिकेत टिरबॅनिब्युलिन नावाचं खरंखुरं ऑइंटमेंट आलं, फक्त पाच दिवस, रोज एकदा, त्रासही बराच कमी, ऐकायला भारीच. पण ट्रायलमध्ये साधारण निम्म्या लोकांचेच चट्टे पूर्ण गेले आणि त्यातल्याही जवळपास तीन चतुर्थांश लोकांना वर्षभरात त्याच पट्ट्यात परत काही ना काही निघालं. आणि फाईव्ह एफयूसोबत सोरायसिसची कॅल्सिपोट्रिऑल ही व्हिटॅमिन डीच्या जातीची क्रीम मिसळून फक्त चार दिवस लावायची अशी एक रीत निघालीय, २०१७ च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये १३१ लोकांत तिनं आठ आठवड्यांत चट्टे सरासरी ८७.८ टक्के कमी केले. चार दिवसांची आग आणि चार आठवड्यांची आग यात केवढा फरक आहे हे चेहऱ्यावर लावणाऱ्यालाच विचारा, त्यामुळे इथले काही डॉक्टर आता हे लिहितात.

मधे एक चौथं औषध येऊन गेलं, त्याची गोष्ट आपल्या लोकांनी ऐकावी अशी. इथल्या बागांमध्ये पेटी स्पर्ज नावाचं तण उगवतं, तोडलं की पांढरा चीक. आपल्या शेराचं आणि दुधीचं भावंड, म्हणजे ती भाजीची दुधी नाही, रानातली दुधी. आपल्याकडे चामखिळीला थोराचा चीक लावतात तसं इथले जुने लोक सनस्पॉटला याचा चीक लावायचे. ब्रिस्बेनच्याच एका कंपनीनं, पेप्लिन नाव तिचं, या चिकातलं नेमकं द्रव्य शोधलं, इंजेनॉल मेब्युटेट, त्याचं जेल केलं, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, दोन-तीन दिवसांचाच कोर्स. सगळे खूश. मग तीन वर्षांच्या एका अभ्यासात दिसलं की इमिक्विमॉड लावलेल्यांपेक्षा हे लावलेल्यांना त्या जागी त्वचेचे कॅन्सर जास्त निघतायत, आणि २०२० मध्ये युरोपनं ते बाजारातून काढलं. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक असतं असं कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगते, आणि लॅबमध्ये शुद्ध केलं की निर्धोक होतं असं कुणी म्हणालं तरी हीच सांगते.

मग म्हातारं फाईव्ह एफयूच का टिकलं, तर आकडे बघा. २०१९ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला, ६२४ लोक, डोक्यावर-चेहऱ्यावर चट्टे, चार इलाज समोरासमोर. वर्षभरानंतरही चट्टे किमान तीन चतुर्थांशांनी कमी झालेलेच राहिले असे लोक फाईव्ह एफयूत ७४.७ टक्के, इमिक्विमॉडमध्ये ५३.९, क्रीम लावून त्यावर विशिष्ट प्रकाश टाकतात त्या इलाजात ३७.७, आणि त्या चिकाच्या जेलमध्ये २८.९. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ९३२ निवृत्त सैनिकांवरचा अभ्यास आला, निम्म्यांना फाईव्ह एफयू, निम्म्यांना साधी क्रीम, फक्त एकच कोर्स, आणि पहिल्या वर्षी चेहऱ्यावर-कानांवर ऑपरेशन लागेल असे स्क्वेमस कॅन्सर ७५ टक्के कमी. हा फरक पुढच्या वर्षांत टिकला नाही, म्हणजे दोन-चार वर्षांनी परत लावायची तयारी ठेवावी लागते, एकदाच लावून जन्माची सुटका असं हे नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न, जो आईनंही विचारला, "मग एक ट्यूब पाठव ना, माझ्या गालावरच्या वांगाला." नाही नाही नाही. वांग ही वेगळी गोष्ट. तिथं कातडी खरखरीत नसते, गुळगुळीतच असते, फक्त रंगद्रव्य जास्त झालेलं असतं, ऊन त्यालाही कारणीभूत असलं तरी पेशी बिघडून वाढत नसतात. तिथं हे मलम लावलं तर जळजळ होईल, आणि आपल्या सावळ्या कातडीला जळजळीनंतर काळे डाग पडायची सवयच आहे, म्हणजे वांग होतं त्याच्या दुप्पट. गंमत म्हणजे याच गुणाचा उपयोग करून भारतात काही त्वचेचे डॉक्टर कोडाच्या पांढऱ्या डागावर बारीक सुयांनी टोचून हेच फाईव्ह एफयू वापरतात, रंग परत यावा म्हणून, चामखिळीलाही वापरतात. त्यामुळे पुण्या-कोल्हापुरात कुणाच्या कागदावर हे नाव दिसलं तर कॅन्सरच झालाय असं समजून घाबरू नका.

आपल्या कातडीत मेलॅनिन भरपूर, म्हणून हे खरखरीत चट्टे आपल्यात कमीच दिसतात. पण ज्यांच्या शरीरात जन्मतःच रंगद्रव्य तयार होत नाही त्यांना तरुणपणीच येऊ शकतात, मग ते लातूरचे असोत की लंडनचे, आणि किडनी बदललेल्यांना, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनाही धोका जास्त. आणि कातडी कुठल्याही रंगाची असो, चट्टा जाड होत चाललाय, दाबलं की दुखतंय, भराभर वाढतोय, रक्त येतंय, बरा होत नाहीये, तर त्याला मलम नाही, आधी तुकडा काढून तपासणी. शेजाऱ्याची उरलेली ट्यूब अशा जागी लावली तर वरून खपली धरते आणि खाली कॅन्सर निवांत वाढतो. असा एक पेशंट मी बघितलाय, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितेय.

ते कचऱ्याच्या डब्यातली ट्यूब घेऊन आलेले आजोबा, त्यांना मी तिथंच डॉक्टरांना फोन लावून दिला, नवीन ट्यूब दिली, त्यांनी अजून आठ दिवस काढले. सप्टेंबरमध्ये आले तेव्हा कपाळ हात लावून बघण्यासारखं गुळगुळीत, मला हात लावून बघायलाही लावलं. मी म्हटलं उरलेली ट्यूब आणून द्या, इथं जुनी औषधं कुठल्याही फार्मसीत फुकट परत घेतात. म्हणाले ती देणार नाही, हातांसाठी ठेवलीय, पुढच्या हिवाळ्यात. मी म्हटलं आधी तारीख बघा, आणि डॉक्टरांना हात दाखवा. आणि मशीन घालून जा.